ढिल्या स्टिअरिंगचा ऑक्टोबर

पाऊस गेला, थंडीचा अजून पत्ता नाही, आणि मधल्या मध्ये हा ऑक्टोबर येऊन बसलाय. पुण्यात ऑक्टोबरबद्दल कुणी चांगलं बोलत नाही, मीही बोलणार नाही. गॅलरीत टाकलेला टॉवेल तासाभरात पापडासारखा कडक होतो. खणून ठेवलेल्या रस्त्यांची धूळ घरभर होते. आमच्या येरवड्याच्या सोसायटीत या दिवसांत पार्किंगमध्ये पाण्याच्या पाइपवरून भांडणं होतात, कारण दसरा जवळ आलेला असतो. वर्षभर जिच्याकडे ढुंकून बघितलं नाही, त्या गाडीला आता शाम्पूने न्हाऊ घालायचं, बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. मी वरून बघते. बघते म्हणजे डोळे उघडे असतात, इतकंच. पूर्वी मला या सगळ्याची फार गंमत वाटायची. आता वाटत नाही, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नाही.

आमची पार्किंगची जागा रिकामी आहे. परवा शेजारच्या मुलीने विचारलं, "काकू, तिथे माझी स्कूटर लावू का?" म्हटलं, लाव बाई. एके काळी त्या जागेत कुणी सायकल टेकवली तरी आमचे हे खाली उतरून व्याख्यान द्यायचे.

तिथे आमची गाडी असायची. आमची म्हणजे यांची. लांब नाकाची, दोन दरवाज्यांची, गडद हिरवी परदेशी स्पोर्ट्‌स कार. यांच्या कंपनीत आलेला कुणी परदेशी साहेब जाताना ती मागे सोडून गेला होता. कंपनीच्या आवारात ती इतकी वर्षं पडून होती, की सीटांमागच्या फळीवर एका मांजरीने दोन-तीन बाळंतपणं उरकली होती. लिलावात तिच्याकडे कुणी बघेना, म्हणून ती यांना मिळाली. घरी आणली तेव्हा सासूबाई तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "माणसं पाच आणि सीटा दोन. इंजिनिअरचा हिशोब असा असतो होय?" पण गाडी चालू झाली, आणि यांनी पहिल्यांदा सासूबाईंनाच शेजारी बसवून गावाकडे नेलं, तेव्हा त्या वेशीपाशी म्हणाल्या, "जरा हळू घे, लोकांना दिसू दे." ज्या रस्त्याने माझे सासरे आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीला वाट देत बाजूला उभे राहिले, तोच तो रस्ता होता.

मोटारींचे स्टिअरिंग बॉक्स बनवणाऱ्या कारखान्यात हे इन्स्पेक्शनला होते. तीस वर्षं दुसऱ्यांची स्टिअरिंग तपासली. त्यामुळे एका वर्षी पावसाळा संपता संपता हे जेव्हा म्हणायला लागले, "आपल्या गाडीचं स्टिअरिंग ढिलं झालंय", तेव्हा मी मान डोलावली. ह्या विषयात मी कोण शंका घेणारी?

"हाताला काही लागतच नाही गं," हे पोहे खाताना म्हणायचे. "पॉवर स्टिअरिंग फार हलकं झालं की असं होतं. रस्ता कसा आहे ते कळत नाही. काही सांगतच नाही ते मला."

"बरं आहे की. घरात सांगणारी आहे ना एक," मी म्हणायचे.

मग एका रविवारी बंडगार्डनच्या पुलावर गाडी हळूच दुभाजकाकडे सरकायला लागली. मी "अहो!" म्हणून ओरडले. यांनी सावरली, आणि माझ्याकडे बघून जवळजवळ आनंदाने म्हणाले, "बघितलंस? म्हणत होतो ना मी, ढिलं आहे."

विजयादशमी तोंडावर आली होती. आमच्याकडे त्या दिवशी हार-लिंबू नसतं. सकाळी पांढरे कपडे, विहारात वंदना, घरी खीर. गाडीला हे नुसतं ओलं फडकं मारायचे. आणि ऊन कलल्यावर आम्ही दोघंच जुन्या कात्रज घाटात जायचो. नवा बोगदा सोडून जुन्या वळणांनी वर, तिथे चहा, आणि परत. वर्षातली ती एक चक्कर म्हणजे यांचा खरा सण. नोकरी संपली, मुलं बेंगळुरूला गेली, सासूबाई गेल्या, पण ती चक्कर चुकली नव्हती. त्या वर्षी ती होणार की नाही, आणि हे परत स्टिअरिंगवर बसणार की नाही, एवढाच काय तो प्रश्न होता. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर हसेल. यांच्यासाठी तेच सगळं होतं.

तर गाडी केळकरांकडे न्यायचं ठरलं. केळकर आमच्या यांच्याच कंपनीत डिझाइनला होते. जन्म सदाशिव पेठेतला, जीभही तिथलीच. निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात, केळकरांनी कात्रजला डेअरीच्या पलीकडे पत्र्याची शेड टाकली आणि जुन्या गाड्या दुरुस्त करायला घेतल्या. शेडवर पाटी आहे : 'येथे गाडी दुरुस्त होते. मालकाच्या घाईवर येथे इलाज नाही.'

फोनवर केळकर म्हणाले, "घेऊन ये, साळव्या. पंधरा दिवस शेड मोकळी आहे. पितृपक्ष ना! एक माणूस गाडी द्यायला तयार नाही, एक माणूस तयार झालेली न्यायला तयार नाही. यांचे पूर्वज बैलगाडीने गेले, आणि हे ऑइल बदलायला मुहूर्त बघतात. तुमच्यात ही भानगड नाही ते फार बरं आहे."

त्या वर्षी पितृपक्ष ऑक्टोबरात घुसला होता. म्हणजे अशी गोष्ट, की लोकांना गाडी हलवायची नव्हती म्हणून आमच्या गाडीला जागा मिळाली. ते दिवस आठवले की मला आधी तो पत्रा आठवतो. वरून तापलेला, मधूनच टण्‌ करून वाजणारा. डेअरीवरून येणारा दुधाचा कोमट वास. प्राणिसंग्रहालयातून मोराची ओरड. मी डबा घेऊन जायचे, तिघांच्या भाकऱ्या आणि कोरडी चटणी, आणि केळकर ती बोटं चाटून खात म्हणायचे, "वहिनी, पितृपक्षात आमच्या घरी पितरांना वडे आणि मला दुधी. तुम्ही येत जा."

गाडीचं नाक जॅकवर उचललेलं, पुढची चाकं अधांतरी. मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलेलं. माझं काम स्टिअरिंग जरासं डावीकडे, जरासं उजवीकडे हलवायचं, आणि ते दोघे खाली वाकून कुठला सांधा किती हलतो ते बघणार.

"वहिनी, दोन बोटांनी. ते लाटणं नाही."

"लाटणं मी एका हाताने चालवते, भाऊजी. बघायचंय?"

हे हसले. खूप दिवसांनी हसले होते. हसताना खोकला आला आणि कपाळ गाडीच्या पत्र्याला आपटलं.

स्टिअरिंग फिरवल्यावर टायर हलायच्या आधी ते जे नुसतंच मोकळं फिरतं, त्याला ही माणसं प्ले म्हणतात. आमच्या गाडीत चांगलाच प्ले होता, खोटं कशाला बोलू. सांधे झिजले होते, मधलं रबर फाटलं होतं. सीटवर बसल्या बसल्या मी विचार करायचे, इतका प्ले होईपर्यंत माणसाला कळत कसं नाही? तर नाही कळत. रोज थोडा थोडा वाढतो, आणि हात रोज थोडं थोडं जास्त फिरवायला शिकतो. आपल्याला वाटतं, गाडी सरळच चाललीय. घरातही असंच चालतं. एका माणसाचं ऐकणं कमी होतं, दुसरं माणूस आवाज चढवायला लागतं, आणि दोघांनाही वाटतं आपण पूर्वीसारखंच बोलतोय. तिसरं कुणी आलं की दचकतं. माझे विचार असे कुठेही जायचे. उकाड्यात दुसरं काय करणार?

रबर बदललं, सांधे बदलले, जुनं तेल काढून नवं भरलं. शेवटी राहिला स्टिअरिंगचा बॉक्स. त्याच्यावर एक स्क्रू असतो. तो किंचित आवळला की आतले दात एकमेकांना घट्ट धरतात. वरून एक नट बसवायचा, म्हणजे स्क्रू हलत नाही. पण हे करायचं ते चाकं अगदी सरळ असतानाच. केळकरांनी स्टिअरिंगवर खडूने रेघ मारली आणि मला दोन्ही हातांनी ते धरून बसायला सांगितलं. "रेघ बरोब्बर वर. हलली तर चहा बंद." मी श्वास रोखून बसले. केळकरांनी स्क्रू आवळला, रेघ तसूभर हलली नाही.

नट आवळायचा मान यांचा, असं ठरलं होतं. शेवटी गाडी यांची. बॉनेट उघडं होतं, त्यामुळे मला फक्त यांचे खांदे दिसत होते. पाना नटावरून घसरल्याचा आवाज आला. परत आला.

"साळव्या, रिटायर होताना हातही कंपनीत जमा केलेस का रे?" केळकर म्हणाले.

मग पाना खाली पडला. फरशीवर खणखणला, तरी हे वाकले नाहीत. मी खिडकीतून मान काढून बघितलं, तर हात बॉनेटमध्ये तसाच, पाना धरल्यासारखा. आपल्या हातात पाना नाही हे कळायलाच यांना वेळ लागला. मी केळकरांच्या पुढच्या टोमण्याची वाट बघत होते. तो आला नाही. त्यांनी खाली वाकून पाना उचलला, नट स्वतः आवळला आणि बॉनेट लावून टाकलं.

आधी केळकरांनी गाडी फिरवून आणली. मग मला म्हणाले, "वहिनी, एक चक्कर मारा." मला गाडी येते, पण ही गाडी मी क्वचितच हातात घेतलेली. डेअरीच्या रस्त्याने गेले आणि वळून आले. केळकरांनी भुवया उडवल्या, मी मान हलवली. गाडी नीट झाली होती. मला इतका आनंद झाला होता, की त्या उन्हातसुद्धा मी उभ्या उभ्या घाटातल्या चहाचा विचार करत होते.

मग हे बसले. शेजारी केळकर. मी शेडच्या फाटकात थांबले. जाताना गाडी दिसली नाही, मधे टँकर होता. येताना दिसली. रस्ता सरळ, मधे पांढरा पट्टा, आणि आमची हिरवी गाडी त्या पट्ट्यावर येत होती, परत डावीकडे जात होती, परत पट्ट्यावर. फार नाही. पण पुलावर सरकली होती अगदी तशीच. समोरच्या टेम्पोने लांबलचक हॉर्न दिला. काचेतून केळकरांचा उजवीकडे सरसावलेला हात दिसत होता. स्टिअरिंगला लागत नव्हता, पण तिथेच थांबलेला होता. मला तेव्हाच सगळं कळलं. पायाखालची जमीन वगैरे सरकली नाही. आतून काहीतरी बंद झालं, फ्रिज बंद झाल्यावर घर शांत होतं तसं, आणि ते तसंच राहिलं.

हे उतरले, दरवाजा लावला, आणि म्हणाले, "अजून ढिलं आहे रे."

केळकरांकडे बघत होते. चेहऱ्यावर इतकी आशा होती, की मला यांच्याकडे बघवेना. माणूस सहसा गाडी नीट व्हावी म्हणून आशा लावतो. हे गाडी बिघडलेली निघावी म्हणून आशा लावून उभे होते.

केळकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हो रे," ते म्हणाले. "माझंच चुकलं. चाकं जरा वाकडी असताना स्क्रू आवळला बहुतेक. परत खोलायला लागणार. ठेवून जा गाडी."

केळकरांच्या तोंडून 'माझं चुकलं' हे शब्द त्यांच्या बायकोनेही कधी ऐकले नसतील. आणि स्टिअरिंग तर मी धरलं होतं. रेघ बरोब्बर वर होती. मी तोंड उघडलं, केळकरांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मी तोंड मिटलं.

घरी रिक्षाने आलो. स्वारगेटच्या सिग्नलला हे म्हणाले, "वय झालं केळकरचं." मी म्हटलं, "हो ना."

मग एकेक दिसायला लागलं. उकळत्या चहाचा कप हे थेट बुडाला धरून उचलायचे आणि चेहऱ्यावर काही नाही. खिशातून सुटे पैसे काढताना डोळ्यांनी बघून काढायचे. शर्टाऐवजी टी-शर्ट कधीपासून घालायला लागले होते, हेही आठवेना. विजयादशमीच्या सकाळी मात्र पांढरा शर्टच हवा होता. हे आरशासमोर उभे, बटणं उघडी, दोन्ही हात खाली. मी जवळ गेले आणि खालून एकेक बटण लावायला लागले. तिसऱ्या-चौथ्या बटणाशी हे म्हणाले, "केळकर खोटं बोलला."

माझे हात थांबले.

"चाकं वाकडी असताना स्क्रू आवळला ना, तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग अडकतं. जड होतं. ढिलं होत नाही. हे मला माहीत आहे, त्याला माहीत आहे. नवशिका ट्रेनी पण असली थाप मारणार नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"किती वाईट खोटं बोलत होता तो," हे म्हणाले. "मला कीव आली त्याची." मग कॉलर नीट करायला मान वर केली. "त्याला सांगू नकोस मला कळलं ते. मनाला लावून घेईल."

आम्ही विहारात गेलो. शेजारचे म्हणाले, आज गाडी नाही? हे म्हणाले, "केळकरकडे आहे. काम चालू आहे."

मग मीच यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरून दाखवली. मानेच्या मणक्यात नस दबली होती. हाताची जाणीव गेली होती ती त्यामुळे. ऑपरेशन केलं तर पुढचं नुकसान थांबेल, गेलेलं परत येईलच असं नाही. सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्यात बसून मी काय विचार करत होते, तर शेजाऱ्यांकडून मागून आणलेली, खाली नो पार्किंगमध्ये लावलेली स्कूटर उचलून नेली असेल का. खरंच, एवढाच विचार. ऑपरेशन झालं. पुढचं थांबलं. गेलेलं आलं नाही. नातेवाईक म्हणतात, तू किती धीराची. धीर कसला डोंबलाचा? धीर धरायला आत काही हलायला तरी लागतं.

गाडी अजून कात्रजलाच आहे. केळकर दर महिन्याला येतात, पोहे खातात, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतात, एक पार्ट मिळत नाहीये, मुंबईला बघितला, आता कोइम्बतूरला कुणी आहे म्हणतात. हे तितक्याच गंभीरपणे विचारतात, त्या पार्टचा नंबर काय, मूळ माप लागेल की मोठं चालेल. तासभर चालतं हे दोघांचं. नसलेल्या पार्टबद्दल इतकी खोल चर्चा जगात दुसरीकडे कुठे होत नसेल. मग मी केळकरांना लिफ्टपर्यंत सोडायला जाते, आणि लिफ्ट येईपर्यंत ते हळूच म्हणतात, "रविवारी फिरवून आणतो हं मी तिला. फर्स्ट क्लास आहे. त्याला बोलू नका."

परवाही आले होते. गेल्यावर मी कप उचलत होते. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीवर पाणी मारत होतं, त्याचा आवाज वर येत होता. हे खुर्चीत, हात मांडीवर, तळवे वर.

"तू चालवली होतीस ना त्या दिवशी," हे अचानक म्हणाले. "कशी होती गं?"

इतक्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं. मी खरकटे कप हातात घेऊन तशीच उभी. काहीतरी गुळमुळीत बोलून आत जाता आलं असतं.

कप खाली ठेवले आणि यांच्यासमोर स्टुलावर बसले. "डेअरीच्या फाटकापाशी डांबर उखडलंय ना," मी म्हटलं, "तिथे बारीक खडी आहे. ती हाताला कळली. तळव्यात खरखर आली. मग सिमेंटचा रस्ता लागतो, तिथे एकदम गप्प झालं. जोड येतो तिथे टक्‌. परत जोड, परत टक्‌. उजवं चाक पट्ट्यावर गेलं, रंग जाड आहे तिथे, तर तेही कळलं मला. डोळे मिटून सांगितलं असतं, आता उजवं चाक पट्ट्यावर आहे." बोलता बोलता माझा आवाज फाटला. आतलं ते बंद पडलेलं एकदम सुरू झालं आणि मला इतकं रडू आलं, की पुढचं बोलताच येईना.

हे डोळे मिटून ऐकत होते. मी थांबले तरी मिटलेलेच.

"आणि वळणावर?" यांनी विचारलं. "वळल्यावर हात ढिला सोडलास, तर स्वतःहून सरळ येत होतं?"

"येत होतं," मी नाक पुसत म्हटलं. "अगदी सरळ. आपलं आपण."

यांनी डोळे उघडले.

"मग झालंय काम," हे म्हणाले.